सुजाता गल्ली

१ जानेवारी, मॉरिसव्हिल, अमेरिका

लिहायला फार उशीर केला, आधी त्याची माफी मागतो. अशोक विजयादशमीला सूनबाईने, प्रणिताने, ही वही दिली, पहिल्या पानावर माझं नाव घातलं आणि अडीच महिने ती उशाखाली तशीच राहिली. रोजनिशी कशी लिहितात ते मला येत नाही. शिक्षण सातवी. आयुष्यात लिहिली ती पत्रंच, तीही सुजाताला, ती बाळंतपणाला भंडाऱ्याला गेली तेव्हा. म्हणून हात पत्रासारखाच चालतो. आता पत्र कोणाला? सुजाताला जाऊन सहा वर्षं झाली.

डॉक्टर म्हणाले, काळजी डोक्यात ठेवू नका, कागदावर ठेवा. बरं. आज सकाळपासून शेगडी बंद आहे का ते चारदा बघितलं. प्रणिता म्हणाली, "बाबा, हा गॅस नाही, इलेक्ट्रिक आहे." ते मला माहीत आहे. तरी बघितलं.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. सकाळी मुलाने, प्रितमने, टीव्हीवर कोरेगावचा विजयस्तंभ लावला होता. आम्ही तिघांनी मेणबत्ती लावून वंदना केली. तेवढ्यात बेल वाजली. दारात अन्सेल्म, हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं.

अन्सेल्म हैतीचा. माझ्याच वयाचा, बहात्तरचा. तिकडे राजधानीत शाळामास्तर होता, इथे मुलीकडे राहतो. मुलगी मिर्लांद वृद्धांच्या दवाखान्यात काम करते. आमची ओळख चर्च स्ट्रीटच्या क्रिकेट मैदानाशेजारच्या बाकावर झाली. त्याला क्रिकेट कळत नाही. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "हे कधी संपतं?" मी म्हटलं, संध्याकाळी. तो म्हणाला, "मग बसतो. मलाही घाई नाही." त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. म्हणून जमतं. तो मला "मस्ये ग्यान" म्हणतो, म्हणजे श्रीयुत ज्ञानदेव. मी त्याला अन्सेल्मभाऊ म्हणतो.

भांड्यात लाल भोपळ्याचं सूप होतं. त्यांच्याकडे एक जानेवारीला घरोघर हेच पितात. गोऱ्या मालकांसाठी हे गुलाम शिजवायचे, पण त्यांना चाखायची बंदी होती. ज्या दिवशी देश मोकळा झाला त्या दिवशी सगळे आधी हे सूप प्यायले. मी भांडं धरून उभाच राहिलो. मग त्याला आत बोलावून स्तंभ दाखवला, चवदार तळ्याचं सांगितलं, पाण्याचं. त्याने टीव्हीसमोर टोपी काढली.

जाताना प्रणिताने त्याला स्टीलच्या डब्यात तांदळाची खीर दिली. मी म्हटलं, आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. तो म्हणाला, "मग तुम्ही परत काही देणार. मग मी. हे कधी संपणार?"

मी म्हटलं, क्रिकेटसारखंच.

११ जानेवारी

डब्यातून तळलेली केळी आली. आम्ही तिळाचे लाडू भरून पाठवले.

आज बाकावर वाद झाला. राजधानीत टोळ्यांनी रस्ते अडवलेत, लोक उपाशी आहेत, अमेरिका मदत पाठवणार आहे, असं बातम्यांत होतं. मी म्हटलं, चांगलं झालं. तो म्हणाला, "मस्ये ग्यान, मदत येते म्हणजे जहाज येतं." शंभर वर्षांपूर्वी यांचे सैनिक बंदरात उतरले, आधी बँकेतलं सोनं न्यूयॉर्कला नेलं, मग एकोणीस वर्षं राहिले. पुढे वीस-बावीस वर्षांमागे यांच्या विमानात बसून त्यांचा राष्ट्राध्यक्ष देशाबाहेर गेला. हे म्हणतात स्वतःच्या मर्जीने गेला. तो म्हणतो, मर्जी कोणाची ते विमानाला विचारा.

मला पटलं नाही. मी म्हटलं, आमचे लोक कोरेगावला कंपनी सरकारच्या फौजेतच होते. कंपनीवालेही बाहेरचेच होते. पण घरचा राजा जर तुमच्या सावलीलाही विटाळ म्हणतो, तर बाहेरचा बरा नाही का? निदान त्याने हातात बंदूक दिली.

त्याने पुष्कळ वेळ विचार केला. मास्तर माणूस. मग म्हणाला, "आणि नंतर? त्या कंपनीने तुमची भरती चालू ठेवली?"

आमच्या लोकांची भरती पुढे इंग्रजांनी बंद केली होती. हे मला माहीत आहे, त्याला कसं कळलं कोण जाणे. रक्तदाब वाढल्यासारखं वाटलं म्हणून लवकर घरी आलो.

२५ जानेवारी

आज रविवार असून प्रितम माझ्या खोलीत येऊन बसला. कधी येत नाही. तो नकाशे बनवणाऱ्या कंपनीत आहे, इंजिनियर. नऊ वर्षं ग्रीन कार्डाची वाट बघतोय, त्यामुळे कायम घाईत असतो. त्याने विचारलं, "बाबा, तुमचे ते फ्रेंड, हैतीचे, कुठल्या भागातले?"

मी सांगितलं, बेलसूर्स नावाची टेकडीवरची वस्ती. त्यांची बहीण सिल्वी अजून तिथेच आहे.

तो म्हणाला, त्यांच्या कंपनीला त्याच टेकडीचं काम आलंय. अन्नाच्या गाड्या आत न्यायच्या आहेत. आकाशातून छपरं दिसतात, पण गल्ल्यांची नावं, पायवाटा, नळ काही कळत नाही. "तिथे राहिलेला माणूसच सांगू शकतो. तुम्ही त्यांना विचाराल? इट वुड बी अ ह्यूज हेल्प."

माझा ऊर भरून आला. चार वर्षं इथे आहे. इतक्या दिवसांत या घरात मला कोणी काम सांगितलं नव्हतं. प्रणिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "प्रितम, हे ऑफिसमध्ये चालतं का?" तो म्हणाला, "इट्स फाइन." ती परत काही बोलली नाही.

३ फेब्रुवारी

कामाला लागलो. प्रितमने नकाशाचे कागद छापून दिले, प्रत्येकावर नंबर आहे. सगळे मोजून परत द्यायचे, मोबाइलने फोटो काढायचा नाही. आमच्या कारखान्यातही असंच होतं. मी चौतीस वर्षं नागपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात पॅकिंग सेक्शनला होतो. पेटीवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत ठसा मारायचा, कागदावर खूण करायची, पेटी पुढे. म्हणून मला इंग्रजी मोठी अक्षरं तेवढी वाचता येतात.

अन्सेल्म सांगतो, मी नावं आधी वहीच्या मागच्या पानांवर मराठीत लिहून घेतो, मग कागदावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत उतरवतो. त्याची भाषा मराठीत बरी बसते. मादाम क्लेरची गल्ली, दोन आंब्यांची वाट, आंधळ्या सुताराचा कोपरा. सांगताना त्याचे डोळे मिटलेले असतात आणि पायही थोडे हलतात, चढ लागला की जास्त.

९ फेब्रुवारी

आज हसून हसून ठसका लागला. कारंज्याच्या नळापासून त्याच्या शाळेपर्यंत पायऱ्यांची एक गल्ली आहे. तिला नावच नाही. सगळे नुसतं "पायऱ्या" म्हणतात. कागदावर नाव लिहायची चौकट रिकामी कशी सोडायची? मला ते जमत नाही. तो म्हणाला, "तू ठेव नाव. तुझ्या बायकोचं काय नाव होतं?"

मी लिहिलं, सुजाता गल्ली. त्याने मोठ्याने तीनदा म्हणून बघितलं. म्हणाला, सिल्वीला फोनवर सांगतो, तुझ्या दारापुढे एक भारतीय बाई राहायला आली.

सुजाता नागपूरच्या बाहेर गेली ती फक्त भंडाऱ्याला. आता समुद्रापलीकडे तिची गल्ली झाली.

१६ फेब्रुवारी

प्रितमने आणखी कागद दिले. यात प्रश्न जास्त आहेत. कोणत्या घराला लोखंडी दार, कुठे जनरेटर चालतो, कोणत्या गच्चीवर माणसं बसतात. उत्तराला दोन चौकटी, हो आणि नाही.

अन्सेल्म थांबला. म्हणाला, "भाकरी वाटायला गच्ची कशाला?" मी म्हटलं, गाडीवाल्यांना धोका नको म्हणून असेल. तो मैदानाकडे बघत राहिला. मला राग आला, खरं लिहितो. मी म्हटलं, अन्सेल्मभाऊ, माझा मुलगा आहे तो.

मग त्याने सांगितलं. सुजाता गल्लीच्या वरच्या टोकाला त्याच्या जुन्या शाळेची गच्ची आहे. तिथे पोरं बसतात, कारण सगळ्या टेकडीत फोनची रेंज तिथेच येते. सिल्वीसुद्धा त्याच्याशी तिथूनच बोलते. हे लिहायला कागदावर जागा नव्हती. मी "हो"च्या चौकटीत खूण केली. स्वच्छ, रेषेबाहेर न जाता. पॅकिंगमध्ये माझ्या खुणेचं नाव होतं.

२२ फेब्रुवारी

प्रितमला शाबासकी मिळाली. क्लायंट खूश आहे म्हणे. आम्हाला बाहेर जेवायला नेलं. मी विचारलं, गाड्या कधी निघणार? तो म्हणाला, "प्रोसेस असते बाबा." मग विचारलं, "तुम्ही वही कुठे ठेवता?" उशाखाली, म्हटलं. माझ्या लिहिण्याची त्याला आस्था वाटते हे बघून बरं वाटलं.

डबा सध्या अन्सेल्मकडे आहे. यावेळी कोथिंबिरीची सांबारवडी दिली होती.

१४ मार्च

दुपारची दोनची वेळ. प्रणिता भाजी निवडत होती, टीव्ही चालू होता. हैती म्हणाले म्हणून मी आवाज वाढवला. टेकडीवरच्या वस्तीत टोळीवाल्यांवर हवेतून हल्ला झाला. एका गच्चीवर आठ बंदूकधारी ठार. कोणी केला ते बातम्यांतल्या बाईने नीट सांगितलं नाही. प्रणिताने ऐकून सांगितलं, तिथल्या पोलिसांना मदत करणारे खाजगी ठेकेदार, अमेरिकी सरकारचा थेट संबंध नाही.

मग नकाशा दाखवला. तिथल्या अधिकाऱ्यांनी दिलेला. लाल वर्तुळ. वर्तुळाशेजारी मोठ्या अक्षरांत नाव होतं, सहा अक्षरं. मी एकेक अक्षर लावून वाचलं, जसं पेटीवरचं वाचायचो.

SUJATA.

प्रणिताच्या हातातली सुरी ओट्यावर पडली. म्हणजे तिनेही वाचलं. तिला त्या गल्लीचं मीच हसत हसत सांगितलं होतं.

साऱ्या जगात त्या पायऱ्यांना त्या नावाने ओळखणारी माणसं किती? मी, अन्सेल्म, सिल्वी, प्रणिता. आणि प्रितम.

१५ मार्च

प्रितम काल दिवसभर ऑफिसात होता. आज सकाळी चहाच्या वेळी विचारलं.

"नाव तिथे कसं गेलं?"

"बाबा, तो डेटा खूप लोक वापरतात."

"तुझ्या आईचं नाव आहे ते."

"आय नो."

"अन्नाच्या गाड्या होत्या ना?"

"प्रोजेक्टला तसंच नाव होतं. मला तेवढंच सांगितलं. आमच्या क्लायंटचा क्लायंट कोण, ते मला दिसत नाही. आणि दिसलं तरी बोलता येत नाही, मी साइन केलंय."

"गच्चीवर माणसं बसतात का, हे गाडीला काहून पाहिजे रे?"

तो कप फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी तिथे स्कूल म्हणून टॅग केलं होतं. आय स्वेअर, बाबा. तो कॉलम पुढे कोणी काढला, मला माहीत नाही."

"तुला शंका आली नाही?"

"आणि तुम्हाला?" तो उभा राहिला. "चौतीस वर्षं तुम्ही पेट्या भरल्या. कधी विचारलं, कुठे जातात? त्याच पेट्यांवर मी शिकलो ना? मग मला काय विचारता!"

प्रणिता म्हणाली, "प्रितम, बस कर."

तो गेला. मी कप विसळून ठेवला. कधीच विचारलं नव्हतं. सेक्शनमध्ये विचारायची पद्धत नव्हती. पण मी माझ्या बापाला कागद देऊन त्याच्या मित्राच्या दारात पाठवलं नव्हतं.

१७ मार्च

तीन दिवस बाकावर जातोय. अन्सेल्म नाही. फोन उचलत नाही. पोरांची मॅच चालू आहे. एक पालक म्हणाला, "काका, आज तुमचे दोस्त कुठे?" मी म्हटलं, बरं नाही त्यांना. खोटं बोललो.

त्याने टीव्ही बघितला असेल का? बघितला नसेल, असं दिवसभर स्वतःला सांगतो. तो रोज बघतो. त्याच्या घरी दुसरं काही लावतच नाहीत.

१९ मार्च

वही उघडली तर मागची चार पानं नाहीत. गल्ल्यांची नावं होती ती. फाडलेली नाहीत, ब्लेडने कापली आहेत, पट्टी लावून. शिवणसुद्धा सुटली नाही. प्रितम लहानपणी पुठ्ठ्याचे विहार बनवायचा तेव्हा इतक्याच सफाईने कापायचा. सुजाता सगळ्यांना दाखवायची.

जेवताना त्याने मला भात वाढला. मी तो खाल्ला.

२१ मार्च

आज प्रणिताला म्हटलं, मला त्यांच्याकडे घेऊन चल. ती म्हणाली, "बाबा, प्रितमला कळलं तर?" मग स्वतःच किल्ली घेतली. गाडीत म्हणाली, "मी तेव्हाच जोरात बोलायला हवं होतं. मला वाटलं, आता एवढ्यात कार्ड येईल, कशाला वाद." ती रडत ड्राइव्ह करत होती, मला सिग्नलची भीती वाटत होती.

दार मिर्लांदने उघडलं. कामाचे कपडे अंगात होते. आत या म्हणाली नाही. वडील मंगळवारी गेले, मायामीला, तिथून लहान विमानाने उत्तरेच्या शहरात, पुढे जमेल तसं टेकडीपर्यंत. सिल्वी आत्याचा फोन त्या दिवसापासून लागत नाही. ते इथे तात्पुरत्या परवानगीवर होते. एकदा गेले की परत येता येत नाही. हे त्यांना माहीत होतं.

मी विचारलं, माझ्यासाठी काही बोलले?

तिने प्रणिताकडे बघून इंग्रजीत सांगितलं. प्रणिताने मला मराठीत सांगितलं, पण मान खाली घालून. ते म्हणाले, "त्याने नाव ठेवलं, म्हणून मला खरं कळलं. नाही तर कधीच कळलं नसतं."

मग मिर्लांद आत गेली आणि आमचा डबा घेऊन आली. घासून पुसून लख्ख. हातात घेतला तेव्हाच कळलं. तरी गाडीत बसून झाकण उघडलं. रिकामा होता.

२२ मार्च

प्रणिता म्हणते, बाबा, लेखी काही देऊ नका. कार्ड, नोकरी, सगळं जाईल. मला भीती वाटते. रात्रीची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. पण डबा आता माझ्याकडे आहे, म्हणजे पाळी माझी आहे. उद्या मी एकटाच चालत जाईन. मिर्लांदच्या दारात डबा ठेवीन. आत अन्सेल्मसाठी पत्र असेल, ती त्याला पोचवेल. इथे मराठीत लिहितो, मग प्रणिताचा फोन घेऊन इंग्रजी करून मोठ्या अक्षरांत उतरवीन. तेवढं मला येतं.

अन्सेल्मभाऊ,

तुला माझ्या मुलाने फसवलं, असं लिहिणार होतो. ते खरं आहे आणि त्याने मलाही फसवलं. पण तू मला विचारलं होतंस, भाकरी वाटायला गच्ची कशाला. तेव्हा मलाही तोच प्रश्न पडायला हवा होता. मी मुलाचं नाव पुढे केलं. चौकटीतली खूण माझी आहे. पोरं रेंजसाठी बसतात, हे तू सांगितलंस. मी कागदाच्या कडेला लिहू शकलो असतो. कडेला जागा होती. आता आठवतं.

माझी पानं कापून नेली. त्याने काही बिघडत नाही, मला पाठ आहेत. मादाम क्लेरची गल्ली, दोन आंब्यांची वाट, आंधळ्या सुताराचा कोपरा, कारंज्याचा नळ. कोणी विचारलं तर मी सांगेन, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली तेही सांगेन. फक्त विचारणारं कोणी नाही. त्या पायऱ्यांचं नाव तू काढून टाक. तिथल्या लोकांना नुसतं "पायऱ्या" म्हणू दे. सुजाताला वाईट वाटणार नाही.

तुझ्या विश्वासावर माझा आता हक्क नाही. शिव्या लिहून पाठवल्यास तरी चालेल, मी समजून घेईन. पण सिल्वीताई सापडली का, एवढं मला कळव. ती त्या वेळी गच्चीवर होती की खाली नळावर, एवढंच. मिर्लांदजवळ सांग, ती नुसतं दारातून हो किंवा नाही म्हणाली तरी पुरे. मी रोज बाकावर असतो, मॅच असो नसो. वेळ लावू नकोस, भाऊ. लवकर कळव.